स्वतंत्रपूर : आटपाडीचा बिनभिंतीचा तुरुंग

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. औंध संस्थानाने ती १९३९ मध्ये वसवली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे असून सरकारी दप्तरात तिची नोंद ‘खुली वसाहत’ अशी आहे. जन्मठेपेसारखी लांब शिक्षा झालेले बंदी इथे बायकामुलांसह घर करून राहतात, रान कसतात आणि उरलेली शिक्षा पुरी करतात. उंच तट, बुरूज, बराकी यांतले इथे काही नाही. वसाहतीची अधिकृत क्षमता अवघी २८ बंद्यांची. मोठ्या कारागृहाच्या एकेका बराकीतही याहून अधिक माणसे असतात. तरीही भारतातील तुरुंग सुधारणेचा इतिहास सांगताना ही एवढीशी वस्ती वगळता येत नाही. माणसावर विश्वास टाकूनही त्याच्याकडून शिक्षा भोगून घेता येते, हे या वस्तीने स्वातंत्र्याच्या आधीच दाखवून दिले.

माणदेशचे रान

आटपाडी माणदेशात येते. माण नदी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते, म्हसवड आणि आटपाडीचा मुलूख ओलांडून पुढे पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून दीडशे किलोमीटरवरच्या आटपाडीत पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. ढग डोंगराच्या पश्चिम अंगाला रिते होतात आणि पूर्वेचा हा पट्टा कोरडा राहतो.

खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीला शाळू ही इथली जुनी पिके. शेरडेमेंढरे आणि खिलार जनावरे हा शेतीइतकाच मोठा आधार. खरसुंडी आणि आटपाडीच्या यात्रांतला खिलार बैलांचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. या मुलखात निव्वळ पावसावर घर चालवणे अवघड होते, म्हणून खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी आणि डाळिंबाच्या बागा ही अलीकडच्या दशकांतली गोष्ट आहे. १९३९ मध्ये यातले काहीच नव्हते. मोकळी माणसे जिथून पोटासाठी बाहेर पडत होती, तिथे कैद्यांनी पाय रोवावेत, अशी ही कल्पना होती.

औंधचा राजा आणि त्याचे प्रयोग

औंध हे लहान संस्थान होते. गावे ७२, क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, आणि तेही एकसंध नाही. राजधानी औंध साताऱ्याच्या खटाव भागात, आटपाडीचा महाल पूर्वेला, कुंडल दक्षिणेला आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. १९३८ मध्ये त्यांनी औंधला उभारलेले श्री भवानी संग्रहालय आजही पाहायला मिळते.

बाळासाहेबांच्या राज्यात नव्या प्रयोगांना जागा आणि आसरा मिळत असे. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी या वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीचे काम दिले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का बसला, त्याच्याच हाती कारखान्याची राखण सोपवण्याची रीत औंधच्या हद्दीत अशी स्वतंत्रपुराच्याही आधी रुजली होती.

१९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता. प्रत्येक गावाने आपली पंचायत निवडायची, गावांच्या पंचायतींतून तालुक्याची आणि तालुक्यांतून संस्थानाची प्रतिनिधी सभा बनायची, अशी तिची रचना. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून आले होते. त्यांनी या कारभाराची धुरा उचलली आणि स्वतंत्र भारतात पुढे राजदूत म्हणून नाव मिळवले.

स्वतंत्रपूर याच वर्षीचे. घटना आणि वसाहत या दोहोंमागचा विचार एकच होता. ज्या शेतकऱ्याला तोवर फक्त हुकूम पाळणे माहीत होते, त्याच्या हाती गावाचा कारभार द्यायचा, आणि ज्या कैद्याला फक्त पहारा माहीत होता, त्याच्या हाती रान आणि घर द्यायचे. जबाबदारी आल्यावर माणूस तिच्या मापाने वाढतो, ही दोन्हींमागची श्रद्धा. एकाच राज्यकर्त्याने एकाच वर्षी ती मतदारावर आणि कैद्यावर सारखीच लावून पाहावी, याला दुसरीकडे जोड सापडणे कठीण आहे.

मॉरिस फ्रीडमन

खुल्या वसाहतीची कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. १९०१ मध्ये वॉर्सात एका ज्यू घरात जन्मलेले फ्रीडमन व्यवसायाने अभियंता होते. म्हैसूर संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून ते भारतात आले आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख झाले. रमण महर्षी आणि गांधीजी यांच्या सहवासात त्यांचे आयुष्य पालटले. त्यांनी संन्यास घेतला, भारतानंद हे नाव धारण केले आणि औंधला येऊन अप्पासाहेबांच्या बरोबरीने कामाला लागले. सूतकताईसाठी धनुष तकली सुधारण्याच्या कामातही त्यांचा वाटा आहे. उतारवयात त्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली. १९७६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

तुरुंगाच्या प्रश्नाकडेही फ्रीडमन अभियंत्याच्या नजरेने पाहत, असे त्यांच्या कामावरून म्हणता येते. नेहमीच्या तुरुंगात कैद्याच्या वाट्याला कसलाच निर्णय येत नाही. उठायचे कधी, खायचे काय, काम कोणते, दिवा कधी मालवायचा, हे सारे दुसरा ठरवतो. अशी दहा-बारा वर्षे काढलेला माणूस सुटतो, तेव्हा स्वतःच्या डोक्याने जगण्याची सवयच मोडलेली असते. ही सवय तुरुंगातच टिकवायची तर तिथले जगणे बाहेरच्या जगण्यासारखे हवे. औंधच्या प्रजेला बाहेरचे जगणे म्हणून जे ठाऊक होते, ते म्हणजे शेत, घर आणि शेजार.

वसाहत चालते कशी

खुल्या वसाहतीत कोणालाही सरळ न्यायालयातून पाठवले जात नाही. बंद्याने आधी बंद कारागृहात शिक्षेचा ठरावीक भाग काढलेला असावा लागतो. तिथली त्याची वागणूक, प्रकृती आणि कामाची तयारी पाहून निवड समिती नाव ठरवते. सराईत गुन्हेगार किंवा पूर्वी कोठडीतून पळालेले बंदी यांना वगळले जाते. महाराष्ट्रात ही व्यवस्था १९७१ च्या खुल्या कारागृहांच्या नियमांनी बांधलेली आहे. राज्यात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहे आहेत, पण बंदी कुटुंबासह राहतो ही स्वतंत्रपूरची खासियत आहे.

जन्मठेपेच्या बंद्यांत बहुतेकदा अशी माणसे असतात, ज्यांच्या हातून आयुष्यात एकदाच गुन्हा घडला. बांधावरचा वाद, भाऊबंदकी, घरातला संशय, यात्रेतली मारामारी अशा कारणांवरून रागाच्या भरात कोयता किंवा कुऱ्हाड चालते आणि एका क्षणात दोन घरे उद्ध्वस्त होतात. हा माणूस शेतकरी असतो. नांगरट, पेरणी, भांगलण, काढणी, मळणी ही कामे त्याला शिकवावी लागत नाहीत. तुरुंगातली सुतारकी किंवा विणकाम त्याला परके वाटेल, पण बैलांच्या मागे तो लगेच उभा राहतो.

माणदेशात शाळूचे पीक घेणे म्हणजे काय, हे पाहिले तर शेतीला इथे एवढे महत्त्व का, ते कळते. पावसाळाभर रान कुळवाच्या पाळ्या देऊन तयार ठेवायचे. उत्तरा, हस्ताच्या पावसाने ओल धरली की वापसा पाहून पेरायचे. वापसा येण्याची वाट न पाहता घाई केली तर चिखलात बी कुजते, उशीर झाला तर ओल उडून जाते. ते दोन-चार दिवस ओळखणे हीच कसोटी. पुढे पाऊस नसतोच. जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर पीक वाढते. भेगा पडू लागल्या की कोळपून माती हलवायची, म्हणजे ओल टिकते. कणसात दाणा भरला की पाखरे राखायची. माघ-फाल्गुनात काढणी होते, कडबा जनावरांना आणि ज्वारी घराला. पेरल्यापासून भाकरीपर्यंत चार-पाच महिने जातात आणि त्यातला एकही दिवस दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पुढच्या मोसमाची चिंता करणारा माणूस आजच्या रात्री पळून जाण्याचा विचार करत नाही. वसाहतीचा खरा तट हा असा रानातच बांधलेला आहे.

या मोकळीकीला हद्द आहे. बंद्याला हजेरी द्यावी लागते. परवानगीशिवाय वसाहतीची सीमा ओलांडता येत नाही. गावी जायचे तर इतर बंद्यांप्रमाणेच संचित रजा किंवा अभिवचन रजा मंजूर करून घ्यावी लागते. दारू, भांडण, गैरहजेरी यांपैकी काही घडले तर बंद कारागृहात परतपाठवणी ठरलेली. पळून जाणे हा नवा गुन्हा होतो आणि मिळवलेली माफीही हातची जाते. उलट नीट वागणाऱ्याला शिक्षेत बंद कारागृहापेक्षा जास्त सूट मिळते. म्हणजे विश्वासाला हिशेबाचीही जोड आहे. बंद्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ असते आणि ते रोज डोळ्यांसमोर दिसत असते.

सगळ्यात मोठा बदल घरात होतो. बंद कारागृहात मुलाखतीच्या जाळीपलीकडून काही मिनिटे दिसणारा बाप इथे संध्याकाळी रानातून घरी येतो. मुले जवळच्या शाळेत जातात. बायकोला माहेरी किंवा दिरांच्या आश्रयाने दिवस ढकलावे लागत नाहीत. तिच्यासाठी मात्र हा निर्णय सोपा नसतो. तिला कोणी शिक्षा दिलेली नाही, तरी कैद्यांच्या वस्तीत, कारागृहाच्या नियमांखाली राहायला ती तयार होते. सासरची जमीन, म्हातारी माणसे, गावचे बोलणे हे सगळे मागे टाकून ती येते. वसाहत चालते त्यात तिचा वाटा शिपायाइतकाच, किंबहुना जास्त आहे. रागीट माणसाला आवरणे, पैका पुरवणे, मुलांना ‘कैद्याची पोरे’ हा शिक्का सहन करायला शिकवणे ही कामे तीच करते.

याआधीच्या कैद्यांच्या वसाहती

कैद्यांना रानात वसवण्याची कल्पना जुनी आहे, पण तिचा जुना हेतू वेगळा होता. ब्रिटनने १७८८ पासून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कैदी उतरवले आणि १८६८ पर्यंत ही जहाजे जात राहिली. १८५७ च्या उठावानंतर १८५८ मध्ये अंदमानात पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली. सेल्युलर जेल बरेच नंतरचे. त्याचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. त्याआधीपासून अंदमानात चांगल्या वागणुकीची वर्षे भरलेल्या कैद्याला परवाना देऊन जमीन कसू दिली जाई आणि लग्न करून किंवा कुटुंब आणून तो तिथे संसारही करू शके. वरवर पाहता ही स्वतंत्रपूरचीच रीत वाटेल. पण अंदमानात कैदी काळ्या पाण्यापलीकडे, परत न येण्याच्या बोलीवर नेलेला असे. सरकारला जंगल तोडायला आणि बेट वसवायला फुकटचे हात हवे होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यात गेल्या त्या गेल्याच.

साताऱ्याच्या मुलखातही अशी एक जुनी नोंद आहे. साताऱ्याच्या छत्रपतींकडून १८२९ मध्ये महाबळेश्वर मिळाल्यावर इंग्रजांनी तिथे थंड हवेचे ठाणे वसवले. पुढे मलाया-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात आणून ठेवले. त्यांच्याकडून रस्ते करवून घेतले आणि त्यांच्या हातून बटाट्यासह विलायती भाज्यांचे मळे पिकले. वेताच्या टोपल्या, खुर्च्या विणण्याचे कामही ते करत. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. चायनामन धबधब्याच्या नावात त्यांच्या मळ्यांची आठवण राहिली आहे. हे कैदी हजारो मैलांवरून आणलेले होते, त्यांचे श्रम साहेबांच्या भाजीपाल्यासाठी होते आणि त्यांचे घरदार कोणाच्या हिशेबात नव्हते.

स्वतंत्रपूरने कैद्याला त्याच्या भाषेच्या आणि पिकाच्या मुलखातच ठेवले. त्याने पुन्हा आपल्या गावात जाऊन जगावे, हाच वसाहतीचा हेतू ठरवला. कैद्यांच्या आधीच्या सगळ्या वसाहतींपासून ती इथे वेगळी होते.

‘दो आँखें बारह हाथ’

स्वतंत्रपूरचे नाव नसले तरी तिची गोष्ट देशभर पोहोचली ती १९५७ मध्ये आलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातून. कथा ग. दि. माडगूळकरांची. आटपाडी तालुक्यातले माडगुळे हे त्यांचे गाव, शेटफळे हे आजोळ आणि औंध ही त्यांच्या शाळेची जागा. संस्थानात काय घडले ते त्यांना परकेपणाने ऐकावे लागले नव्हते.

चित्रपटातला तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो आणि बेड्यांशिवाय त्यांच्याकडून शेती करवून घेतो. पिकलेली भाजी घेऊन ते बाजारात बसतात, रास्त भावात विकतात आणि दलालांची दादागिरी ओढवून घेतात. या प्रसंगात खुल्या तुरुंगाचे मर्म अचूक पकडले आहे. रानात श्रम करणे हा अर्धाच भाग असतो. समाजाच्या बाजारात तराजू धरून बसणे आणि मार खाऊनही हात न उगारणे ही खरी परीक्षा असते. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाने त्याचा गौरव झाला.

चित्रपट आणि वसाहत यांत एक मोठा फरक आहे. पडद्यावरचे सहा जण एका थोर जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने आणि मायेने सुधारतात. तो गेल्यावरही ते डोळे त्यांना आकाशातून पाहत राहतात. नाट्याला असा नायक लागतो. संस्थेला मात्र थोर अधिकाऱ्यावर विसंबून चालत नाही, कारण अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. स्वतंत्रपूरने तो भार बंद्याच्या कुटुंबावर, जमिनीवर आणि नियमांवर वाटून टाकला, म्हणून राजा गेला, संस्थान गेले, तरी वसाहत राहिली. औंध संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आटपाडीचा भाग १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. या सगळ्या उलथापालथीत स्वतंत्रपूर सरकारी व्यवस्थेचा भाग बनले.

देशात पुढे काय झाले

उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी कैद्यांचे खुले शिबिर भरले. १९५५ मध्ये जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या संस्थांचा पुरस्कार केला. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर इथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या शिबिरात बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन रोजगार करतात आणि हजेरी, शिस्त यांचे बरेचसे काम त्यांची पंचायतच पाहते. तुरुंग सुधारणांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या राममूर्ती खटल्यात खुल्या तुरुंगांना बळ देण्याची बाजू घेतली. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत खुल्या वसाहतींना वेगळे स्थान दिले आहे.

इतके होऊनही अशा जागा थोड्याच राहिल्या. पहिले कारण म्हणजे भारतातल्या तुरुंगांतली बहुसंख्य माणसे न्यायाधीन बंदी असतात, आणि खुली कारागृहे फक्त शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. दुसरे कारण कारभाराच्या मनोवृत्तीचे. बंद तुरुंगात माणूस खंगला तर कोणी जाब विचारत नाही, पण खुल्या तुरुंगातून एक जण पळाला तर अधिकाऱ्यावर ठपका येतो. त्यामुळे निवड करणारे हात आखडतात. तिसरे कारण जमीन आणि पाणी यांचे. शेतीवर उभी वसाहत दर माणसामागे रान मागते, आणि आजच्या बंद्यांत शहरी, भूमिहीन माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सांगानेरसारखी रोजगाराची वाट जास्त सोयीची.

ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याचा प्रश्नही टाळता येत नाही. मारेकरी बायकामुलांत राहतो हे त्या घराला कसे पटावे? याचे उत्तर वसाहतीच्या रचनेत काही अंशी आहे. शिक्षेची पहिली वर्षे बंद भिंतींआडच जातात आणि पुढेही माणूस आपल्या गावात मोकळा फिरत नाही. पण गुन्ह्याची झळ लागलेल्या कुटुंबाला आधार देणे आणि त्याला या प्रक्रियेत विश्वासात घेणे हे काम आपल्या व्यवस्थेने फारसे केलेले नाही. खुल्या वसाहती वाढवायच्या तर हे काम सोबतच करावे लागेल. सुटकेनंतरचा टप्पाही तेवढाच नाजूक असतो. गावी वैर जागे असते, वाट्याची जमीन भावकीने कसायला घेतलेली असते. अशा वेळी वसाहतीत राखलेला संसार आणि हाताला राहिलेली कामाची सवय एवढीच शिदोरी माणसाजवळ असते.

स्वतंत्रपूरचे महत्त्व तिच्या आकारात शोधून सापडणार नाही. तुरुंगातली गर्दी २८ जागांनी कमी होत नाही. तिने दिला तो पुरावा. दुष्काळी माळ, गरीब संस्थान आणि गंभीर गुन्ह्यातली माणसे, म्हणजे अपयशाची सगळी कारणे हाताशी असताना हा प्रयोग तगला. ज्या राज्याच्या हद्दीत हा पुरावा उभा आहे, त्या महाराष्ट्राने जिल्ह्या-जिल्ह्यांत, तिथल्या रोजगाराला साजेशा आणखी वसाहती काढाव्यात, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी नवा सिद्धांत लागत नाही. निवड, काम, कुटुंब, हजेरी आणि माफीचा हिशेब ही सगळी पद्धत आटपाडीत तयार आहे.